मदत हवी आहे : भर उन्हात धावत्या गाडीचे दीर्घ एक्स्पोजर

रत्नागिरीजवळच्या पानवल रेल्वेपुलावरून (लांबी ४२४ मीटर, उंची ६४ मीटर) जाणारी गाडी एका अखंड रंगीत पट्ट्यासारखी दिसावी, मात्र पुलाचे खांब आणि मागची झाडी रेखीव राहावी, असे छायाचित्र मला दिवसाउजेडी, शटर बराच वेळ उघडे ठेवून (दीर्घ एक्स्पोजर) घ्यायचे आहे.

कॅमेरा तिवईवर असून शटर रिमोटने उघडतो. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि एफ/११ (लेन्सच्या छिद्राचा आकार) ठेवल्यास स्वच्छ उन्हात एनडी ६४ फिल्टरने (लेन्सवरची प्रकाश कमी करणारी काच; आकडा मोठा तितकी ती गडद) शटर साधारण १/३ सेकंद उघडे ठेवता येते, तर एनडी १००० ने सुमारे ५ सेकंद. गाडीचा वेग ताशी ७२ किलोमीटर धरला तर ती सेकंदाला २० मीटर सरकते. त्यामुळे पहिल्या फिल्टरने गाडी नुसतीच हललेली दिसते आणि दुसऱ्याने इंजिनाकडचा जवळजवळ १०० मीटरचा भाग विरून त्यातून झाडी दिसू लागते. बदलता एनडी (फिरवून गडदपणा कमी-जास्त करता येणारा फिल्टर) वाइड लेन्सवर काळसर फुली उमटवतो, म्हणून तो बाद केला. एफ/२२ ला, म्हणजे छिद्र खूप लहान केल्यावर, डिफ्रॅक्शनमुळे (प्रकाश पसरल्यामुळे) खांबांचे बारकावे मऊ पडतात, तेही नको.

रेल्वेच्या हद्दीत शिरायचे नाही, ड्रोन नाही आणि ढगाळ हवेची वाटही पाहायची नाही, कारण खांबांवरचे ऊन हाच चित्राचा जीव आहे. संगणकावर फ्रेम एकत्र करायला माझी हरकत नाही.

अशा वेळी पट्टा भरीव राहून इंजिनही ओळखू यावे यासाठी एकाच फ्रेमला नेमका किती वेळ द्यावा, की लागोपाठच्या छोट्या फ्रेमची सरासरी काढून त्यात इंजिनाची एक तीक्ष्ण फ्रेम मिसळावी?