पावसाळ्यापुरते ३० कपडे आणि घटस्थापनेपर्यंत खरेदीबंदी : शहाणपण की हौस?

अनुजा (धागाकर्ती, म्हणजे ही चर्चा सुरू करणारी), पुणे

मृग लागला त्या दिवशी कपाट रिकामे केले, तेव्हा साड्या वगळून ११२ कपडे निघाले. त्यांतल्या निम्म्यांना वर्षभरात हात लागला नव्हता आणि दोन कुडत्यांवर तर किमतीची चिठ्ठीही तशीच होती. त्याच संध्याकाळी दोन गोष्टी ठरवल्या : घटस्थापनेपर्यंत स्वतःसाठी एकही कपडा विकत घ्यायचा नाही, आणि अख्खा पावसाळा घरात आहेत त्यांतल्याच ३० कपड्यांत काढायचा. एका ऋतूपुरता, एकमेकांशी जुळणारा मोजका संच बाजूला काढण्याच्या या पद्धतीला हल्ली ‘कॅप्सूल वॉर्डरोब’ म्हणतात.

रंग तीनच ठेवले, गडद निळा, मेंदी आणि मातकट. त्यामुळे कोणताही कुडता कोणत्याही विजारीवर चालतो आणि शिंतोडे उडाले तरी चटकन दिसत नाहीत. पायघोळ सलवारी बाद केल्या, कारण रस्त्यावरचे पाणी त्यांच्या कडांवरून थेट पोटऱ्यांपर्यंत चढते. उरलेल्या कपड्यांचे गाठोडे कडुलिंबाचा पाला घालून माळ्यावर टाकले. ते बोहारणीला देऊन एखादे पातेले घेण्याचा मोह मुद्दाम आवरला, कारण कपाटात जागा झाली की ती भरायला मी पुन्हा बाजार गाठते, हे मला पक्के ठाऊक आहे.

सहा आठवड्यांनंतर माझे मत असे आहे की या दोन्ही गोष्टी एकत्रच कराव्यात. निवड न करता नुसती खरेदी थांबवली तर तो उपास होतो, आणि उपासाला पारणे असतेच. आता रात्री फोनवर सेल चाळताना ‘हे माझ्या तिसांतल्या कशावर जाईल?’ असा प्रश्न मनात येतो आणि बहुतेक वेळा बोट तिथेच थांबते. आपल्याला काय वाटते?

डोंबिवलीकर

अनुजाताई, पुण्याच्या भुरभुरीत हा हिशेब जमत असेल. आमच्याकडे जुलैमध्ये कपडा वाळायला तीन दिवस लागतात. सकाळची लोकल पकडेपर्यंत एक जोड भिजतो, दुसरा कार्यालयातल्या कपाटात ठेवावा लागतो आणि तिसरा घरात पंख्याखाली, दांडीवर लोंबत असतो. शिवाय सुती कापड कोरडे दिसत असतानाही हवेतली ओल धरून ठेवते. साध्या हवामानातसुद्धा ते वजनाच्या सात-आठ टक्के बाष्प शोषते, तर पॉलिएस्टर जेमतेम अर्धा टक्का. पावसाळा हा कपडे कमी करण्याचा ऋतूच नव्हे. मोजका संच करायचाच असेल तर तो मार्च ते मे करावा, रात्री धुतलेले सकाळी अंगात घालता येते.

आणि ते माळ्यावरचे गाठोडे आजच्या आज उतरवा. कडुलिंबाने कसर लागणार नाही कदाचित, पण बांधून ठेवलेल्या सुती कपड्यांना या दिवसांत बुरशी धरल्याशिवाय राहत नाही.

अभिजित, नागपूर

माझा आक्षेप अधिक मुळाशी आहे. ही कल्पना रुजवली कोणी? १९७० च्या दशकात लंडनमध्ये कपड्यांचे दुकान चालवणाऱ्या सूझी फॉ यांनी, आणि १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डोना करन यांनी सात कपड्यांचा संच बाजारात आणून तिला मोठे केले. म्हणजे ‘मोजके घ्या’ हा उपदेश करणाऱ्या दोघीही ते मोजके विकायलाच बसल्या होत्या. आजही हे खूळ डोक्यात शिरलेली माणसे आधीचे कपडे बाजूला सारून त्याच त्या फिकट रंगांचे नवे संच मागवतात.

माझ्या आजोबांकडे दोन धोतरे होती, एक अंगावर आणि एक दांडीवर. त्याला कोणी संच म्हटले नाही, ती परिस्थिती होती. ११२ मधून ३० निवडणे ही ऐपत असलेल्यांची हौस आहे. तिला हरकत नाही, पण तिला व्रताचा मान देऊ नये.

काठपदर, येवला

आमच्या घरात माग आहे, म्हणून लिहितो. सुरतेची जर आणि बंगळूरचे रेशीम आम्ही आधी पैसे घालून आणतो, आणि भरजरी पदराची पैठणी मागावर कित्येक महिने अडकून राहते. ती उतरेल ती गौरी-गणपती, नवरात्र आणि दिवाळीच्या भरवशावर. आपली खरेदीबंदी नेमकी श्रावण-भाद्रपदावर येते, आणि तीत तीन धुण्यांत विटणारा सदरा आणि हातमागाची साडी एकाच तागडीत तोलली जाते. वर्षाला दहा टाकाऊ कुडते घेणाऱ्याने ते बंद करावेत, जरूर करावेत. मात्र दहा वर्षांनी एक साडी घेणाऱ्यालाही तोच नियम लावला, तर फटका कोणाला बसतो हे पाहावे.

टाचणी, कोल्हापूर

मी गेली बावीस वर्षे शिवणकाम करते. इथे कोणीच ‘माये’चा विषय काढला नाही, याचे नवल वाटते. (शिवणीच्या आत सोडलेल्या जादा कापडाला आम्ही माया म्हणतो.) माझ्याकडे शिवलेल्या ब्लाउजला दोन्ही कुशींत दीड-दीड इंच माया असते, त्यामुळे अंगाने सुटलेल्या बाईचे ब्लाउज उसवून दोन-तीनदा सैल करता येते. तयार कुडता उलटा करून पाहा : पाव इंचावर ओव्हरलॉक (कड न उसवणारी यंत्राची शिवण) मारून बाकीचे कापलेले असते. तो घट्ट झाला की संपला, मग दुसरा घेण्यावाचून गत्यंतर नसते.

म्हणून अनुजाताई, ३० मोजण्याआधी त्यांतल्या किती कपड्यांना माया आहे ते बघा. तुमचे ते चिठ्ठीवाले कुडते वापरले का गेले नाहीत? माझा अंदाज, काखेत रुतत असतील. तिथे चौकोनी कळी (कापडाचा जोड) लावून मिळते. बंदीच्या काळात शिंप्याकडे जाण्याला मात्र बंदी असू नये.

अनुजा (धागाकर्ती)

डोंबिवलीकर, गाठोडे काल उतरवले. तीन कुडत्यांच्या गळपट्टीवर राखाडी ठिपके पडले आहेत आणि पांढरा चिकनचा तर गेल्यातच जमा आहे. संख्या आता ३६ केली आहे, त्यांत लवकर वाळणाऱ्या चार विजारी आहेत. ऋतू मात्र बदलणार नाही, कारण माझी सगळ्यांत जास्त खरेदी याच महिन्यांतल्या सेलमध्ये होते. टाचणीताई, काखेचा अंदाज अचूक निघाला, दोन्ही कुडते शिंप्याकडे दिले आहेत.

काठपदर, गौरीसाठी हातमागाची एक साडी घ्यायचे ठरवले आहे; ती बंदीतून वगळली. अभिजित, हौस म्हणालात ते मान्य आहे. मात्र इथे नवा संच कोणी मागवलेला नाही. चिठ्ठ्या न काढलेले कुडते माझेच होते आणि त्यांचे पैसेही मीच मोजले होते.

एक अडचण उरली आहे. नणंदेने वास्तुशांतीच्या आहेरात कुडत्याचे कापड दिले. ते विकत घेतलेले नाही. ते मोजावे की नाही?

अभिजित, नागपूर

मोजावे. पहिली सवलत साडीला, दुसरी आहेराला; दिवाळीपर्यंत ११२ पुन्हा भरतील.

टाचणी, कोल्हापूर

कापड तसेच घडी करून ठेवा, अनुजाताई. न शिवलेले कापड म्हणजे सगळी मायाच असते, ते दसऱ्यानंतर शिवा.