किमो चालू असताना गॅनोडर्माच्या कॅप्सूल: तुमचं मत काय?

पिंपळपान:
आत्याची किमो सुरू आहे. तिच्या सोसायटीतल्या एका 'वेलनेस सल्लागार' बाईंनी गॅनोडर्माच्या, म्हणजे रेइशी अळंबीच्या, अर्काच्या कॅप्सूल आणि तीच भुकटी घातलेली कॉफी तिच्या गळ्यात मारली. वर सल्ला असा, की डॉक्टरांना सांगू नका, ते उगाच नाही म्हणतात. पुढे किमोची गरजच उरणार नाही. माझं स्पष्ट मत: आजारी माणसाच्या भीतीवर चाललेली ही अपलाइन-डाउनलाइनची, म्हणजे मेंबरने पुढचे मेंबर जोडत माल विकायची, साखळी आहे. वेगळं मत असेल त्यांनी पुरावा द्या. 'शेजाऱ्यांना गुण आला' नको.

रानवाट:
विकणारी बाई लबाड म्हणून अळंबी लबाड ठरत नाही. जपानमध्ये टर्की टेल या अळंबीपासून काढलेल्या पीएसके या अर्काला 1977 साली आणि शिताकेपासूनच्या लेंटिनानला 1985 साली कर्करोगाच्या उपचारात औषध म्हणून मान्यता मिळाली. 1994 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेली चाचणी बघा. जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेले 262 रुग्ण. पाच वर्षांनी नुसती किमो घेतलेल्यांपैकी 60 टक्के हयात, किमोसोबत पीएसके घेतलेल्यांपैकी 73 टक्के. आता हे शेजारी नव्हेत ना?

पिंपळपान:
शेजारी नव्हेत, पण रेइशीही नव्हे. अळंबी वेगळी, अर्क ठरावीक, डॉक्टरांनी लिहून दिलेला आणि किमोच्या *सोबत*. लेंटिनान तर इंजेक्शन होतं. त्या आकड्यांच्या जोरावर आत्याला कॉफी कशी विकता येते?

रानवाट:
रेइशीवर 2012 चा कॉक्रेन आढावा, म्हणजे झालेल्या चाचण्या एकत्र तपासणारा अहवाल, आहे. पहिला उपचार म्हणून रेइशी द्यावी असं त्यात अजिबात नाही. पण किमो किंवा रेडिएशनच्या जोडीला घेणाऱ्यांमध्ये उपचाराला प्रतिसाद जास्त दिसला, हेही त्यातच आहे. अर्धंच वाचू नका.

पिंपळपान:
मग उरलेलं अर्धंही सांगा: चाचण्या पाचच, लहान आणि दर्जा सुमार. गाठ नाहीशी होते किंवा आयुष्य वाढतं याला पुरावा नाही, असंही तिथेच लिहिलंय.

सदाफुली:
कर्करोगाचं बाजूला ठेवा. बाबांना विसरभोळेपणासाठी लायन्स मेन ही अळंबी देते, मला फरक वाटतो. जपानमध्ये 2009 साली 50 ते 80 वयाच्या 30 जणांवर चाचणी झाली, 16 आठवड्यांत स्मरणशक्ती-आकलनाच्या परीक्षेतले गुण सुधारले होते.

पिंपळपान:
आणि गोळ्या थांबवल्यावर चार आठवड्यांत पुन्हा घसरले. म्हणजे जन्मभर घ्या.

मीठभाकर:
पूरक आहाराच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करतो. दोघेही भांडताय ते अळंबीत काय आहे यावर. डबीत काय आहे ते आधी बघा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या रेइशीच्या 19 उत्पादनांची तपासणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. लेबलवर लिहिलेलं फक्त 5 मध्ये खरं निघालं. होतं असं, की अळंबीची छत्री वाढायला वेळ आणि पैसा लागतो. म्हणून तांदूळ-ज्वारीसारख्या धान्यावर नुसते बुरशीचे तंतू वाढवतात आणि धान्यासकट दळतात. धान्य वेगळं काढताच येत नाही. मग लेबलवर मोठ्या अक्षरात 'पॉलिसॅकराइड्स (साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या) इतके टक्के'. अहो, स्टार्चसुद्धा पॉलिसॅकराइडच! आकडा हवा बीटा-ग्लुकानचा, म्हणजे अळंबीतल्या पॉलिसॅकराइडचा, आणि तोच बहुतेक डब्यांवर नसतो. घरी बघायचं तर शाळेतला प्रयोग करा: कॅप्सूल फोडून भुकटी पाण्यात उकळा, गार झाल्यावर आयोडीनचा थेंब टाका. गर्द निळं-काळं झालं तर तुम्ही महागडं पीठ खाताय.

गावरान:
एवढं कशाला, पावसाळ्यात रानातली अळंबी आणून रस्सा करा!

मीठभाकर:
ओळखणारं माणूस बरोबर असेल तरच. नाहीतर रश्श्यानंतर थेट आयसीयू.

औषधवाला:
माझं मेडिकल आहे. रेइशीने रक्त गोठायला वेळ लागू शकतो. रक्त पातळ ठेवणारं वॉर्फरिन किंवा अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर सांभाळा, आणि किमोत प्लेटलेट आधीच पडतात. चागा नावाच्या बुरशीची भुकटी तर ऑक्झलेटने (मूतखडा करणाऱ्या क्षाराने) भरलेली, जास्त घेऊन मूत्रपिंड गेल्याची नोंद आहे. आणखी एक. आपल्याकडच्या नियमानुसार पूरक आहाराच्या डबीवर 'औषधी वापरासाठी नाही' हे छापावंच लागतं. ती ओळ त्या बाईंना मोठ्याने वाचायला लावा. कर्करोग बरा होतो अशी जाहिरात 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे.

रानवाट:
डॉक्टरांना दाखवाच, मी कधी नको म्हटलं? पण बऱ्याच ठिकाणी डबी बघताच 'फेका हे' एवढंच ऐकायला मिळतं, का फेकायचं ते कुणी सांगत नाही. मग पुढच्या वेळी पेशंट लपवून घेतो आणि अशा बायकांचं फावतं. पाच मिनिटं बोलले असते तर हा धागा निघाला नसता.

पिंपळपान:
हे खरंय. किमोच्या पुढच्या सायकलआधी रक्ततपासणीच्या कागदांसोबत डबीही नेणार आहे, तोवर कॅप्सूल बंद. सल्लागार बाईंकडे पक्कं बिल मागितलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे बिल नसतं, तुम्ही मेंबर व्हा.