मदत हवी आहे: शाळकरी मुलांसाठी इंटिरियर डिझाइनचं प्रत्यक्ष प्रशिक्षण

माझ्या भाचीला (वय १६) इंटिरियर डिझाइनची मनापासून ओढ आहे. सुट्टीत तिने टेपने स्वतःच्या खोलीची मापं घेऊन १:५० स्केलवर प्लॅन काढला. म्हणजे खोलीतला १ मीटर कागदावर २ सेंटिमीटर. नवं कपाट त्या कोपऱ्यात ठेवलं तर दार पूर्ण उघडणार नाही, हे तिला प्लॅनवरच दिसलं. काय खूश झाली होती!

नंतर लावलेल्या क्लासमध्ये मात्र महिनाभर नुसतं सॉफ्टवेअर. प्लाय, लॅमिनेट, पडद्याचं कापड हाताळल्याशिवाय हे काम कसं कळणार?

या वयाच्या मुलांना साइटवर नेऊन, सुताराशेजारी उभं करून शिकवणारं प्रशिक्षण कुणाच्या मुलांनी घेतलंय का? प्रवेशाआधी काय विचारावं? साइटवर मुलांच्या सुरक्षिततेकडे कोण बघतं, याची मला जास्त काळजी आहे. कृपया अनुभव सांगा.