घरी धुतलेली कृष्णधवल फिल्म फिकी आली: चूक धुण्यात की स्कॅनमध्ये?

प्रश्न

मी नुकतीच घरी कृष्णधवल फिल्म धुण्यास सुरुवात केली आहे. एचपी५ प्लसचे दोन रोल मी एकाच कॅमेऱ्यात, ४०० आयएसओवर वापरले आणि आठवड्याच्या अंतराने धुतले. दोन्ही वेळी आयडी-११ डेव्हलपर (फिल्मवरील प्रतिमा उमटवणारे द्रावण) १+१ प्रमाणात, म्हणजे एक भाग डेव्हलपर व एक भाग पाणी, तापमान २० अंश सेल्सिअस आणि वेळ १३ मिनिटे होती. पहिला रोल समाधानकारक आला. दुसऱ्या रोलच्या निगेटिव्ह मात्र फार फिक्या आहेत आणि स्कॅन केल्यावर चित्र करडे, गढूळ व खरखरीत दिसते. शिवाय स्कॅनरमधील धूळ काढण्याची सोय चालू केली की केसांच्या कडा आणि पानांच्या शिरा कुरतडल्यासारख्या होतात. चूक कॅमेऱ्यात झाली, फिल्म धुण्याच्या टँकमध्ये की स्कॅनरमध्ये, हे कसे ओळखावे?

उत्तर १

स्कॅनर तूर्त बाजूला ठेवा आणि निगेटिव्ह उजेडासमोर धरून आधी चौकटी नव्हे, तर फिल्मची कड पाहा. छिद्रांच्या ओळीजवळ फिल्मचे नाव आणि चौकटींचे क्रमांक असतात. ते कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेले असल्यामुळे आपल्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी काहीही संबंध नसतो. ते दिसू लागतात ते केवळ डेव्हलपरमुळे. क्रमांक ठळक काळे आणि चौकटी फिक्या असतील, तर प्रकाश कमी पडला. क्रमांकही पुसट असतील, तर डेव्हलपर कमी पडला.

चौकटीतही ही खूण सापडते. प्रकाश कमी पडला असेल, तर सावलीचा भाग कोऱ्या काचेसारखा पारदर्शक राहतो आणि तेथे जे नोंदलेच गेले नाही, ते कोणत्याही स्कॅनने परत येत नाही. डेव्हलपिंग अपुरे असेल, तर सावलीत बारीक तपशील असतो, पण जे आकाश निगेटिव्हवर दाट काळे हवे, तेही करडेच राहते.

कडेचे क्रमांक कसे आहेत ते कळवा. दुसऱ्या रोलसाठी डेव्हलपर नव्याने पातळ केला होता का, हेही सांगा.

उत्तर २

धुळीच्या सोयीबद्दल लिहितो, कारण मीही यात बरेच दिवस घालवले आहेत. ही सोय इन्फ्रारेड प्रकाशावर चालते. रंगीत फिल्ममधील रंगद्रव्यांतून तो आरपार जातो आणि धुळीच्या कणापाशी अडतो, म्हणून यंत्राला धूळ वेगळी ओळखता येते. कृष्णधवल फिल्ममध्ये प्रतिमा धातुरूप चांदीची असते आणि चांदीही इन्फ्रारेड अडवते. मग यंत्र चित्रालाच धूळ समजून बुजवू लागते. ती सोय बंदच ठेवावी. (एक्सपी२ सुपरसारखी, रंगीत फिल्मच्या सी-४१ प्रक्रियेत धुतली जाणारी कृष्णधवल फिल्म याला अपवाद आहे.)

स्कॅन १६ बिट ग्रेस्केलमध्ये करावे आणि काळ्या-पांढऱ्या टोकांना थोडी जागा सोडून फाइल टिफमध्ये जतन करावी. कॉन्ट्रास्ट नंतर वाढवता येतो. मात्र निगेटिव्ह फिकी असेल, तर अरुंद पट्ट्यातले करडे टोन ताणावे लागतात आणि त्यांच्यासोबत कणही ताणले जातात. आपल्याला दिसणारा खरखरीतपणा बहुधा तोच आहे. २४ × ३६ मिलिमीटरच्या चौकटीचे २४०० डीपीआयला (दर इंचाला २४०० बिंदू) सुमारे ३४०० × २२७० पिक्सेल मिळतात. शिकताना तेवढे पुरे.

मूळ प्रश्नकर्ता

दोन्ही रोल शेजारी ठेवून पाहिले. पहिल्याचे क्रमांक शाईने लिहिल्यासारखे आहेत, तर दुसऱ्याचे डोळे ताणूनच वाचता येतात. टाकून देणे जिवावर आले, म्हणून पहिल्या रोलनंतर उरलेले १+१ द्रावण मी बाटलीत परत भरले आणि दुसरा रोल त्यातच धुतला. दोष तेथेच आहे का?

उत्तर १

होय, तेथेच. १+१ केलेले द्रावण एकदाच वापरायचे असते. पहिल्या रोलने त्याची बरीच शक्ती खर्च केलेली असते आणि उरलेली हवेच्या संपर्काने आठवडाभरात क्षीण होते. पुन्हा वापरायचेच असेल, तर डेव्हलपर पातळ न करता वापरावा. तेव्हा एचपी५ साठी २० अंशांना साडेसात मिनिटे लागतात आणि पुढील प्रत्येक रोलला वेळ थोडा वाढवत न्यावा लागतो.

फिक्सर (डेव्हलपरनंतर प्रतिमा पक्की करणारे द्रावण) मात्र पुन्हा वापरता येतो, पण त्याची परीक्षा घेतल्याशिवाय वापरू नये. फिल्मच्या टोकाचा न धुतलेला तुकडा त्यात टाका, दुधाळपणा पूर्ण जाऊन तुकडा पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहा आणि रोल निदान त्याच्या दुप्पट वेळ फिक्सरमध्ये ठेवा. ताज्या द्रावणाच्या मानाने तुकडा पारदर्शक होण्याचा वेळ दुप्पट झाला, की फिक्सर संपला.

मूळ प्रश्नकर्ता

तिसरा रोल ताज्या द्रावणात धुतला. पहिल्या १० सेकंदांत टँक चार वेळा उलटासुलटा केला, हवेचे बुडबुडे सुटावेत म्हणून टेबलावर हलकेच आपटला आणि पुढे दर मिनिटाला तेच केले. रीळ उघडून ओली फिल्म दिव्यासमोर धरताच मी आधी कड पाहिली. सगळे क्रमांक ठळक आहेत. फिल्म आता वाळत आहे. उद्या धुळीची सोय बंद ठेवून स्कॅन करीन.