मदत हवी आहे: विद्यार्थी व्याकरणात पक्के, पण तोंड उघडत नाहीत. कोणती पद्धत घेऊ?

शब्दवेडी
जरा घाईत आहे, सोमवारी नवी बॅच सुरू होतेय. आतापर्यंत व्याकरण आणि भाषांतर अशा जुन्या पद्धतीने शिकवत आले. विद्यार्थी गाळलेल्या जागा बिनचूक भरतात, तक्ते तोंडपाठ आहेत. पण 'काल काय केलंत?' एवढं विचारलं की सगळे गप्प. आता पद्धत बदलायचीच आहे. डायरेक्ट मेथड, ऑडिओलिंग्वल (वाक्यं घोटून घेणं), कम्युनिकेटिव्ह (संवादातून शिकवणं), टास्क-बेस्ड (एखादं काम देऊन बोलायला लावणं), टीपीआर (सूचना ऐकून हालचाल करणं), सगळ्यांवर वाचून झालं आणि जो तो आपलीच पद्धत खरी म्हणतो. ज्यांनी प्रत्यक्ष वर्गात वापरून पाहिलंय त्यांनी कृपया एकच नाव सांगा.

अनुस्वार
भाषा कोणती? मुलं की मोठी माणसं? वर्गात किती जण? कशासाठी शिकतायत? यातलं काहीच सांगितलेलं नाही.

थेटभेट
डायरेक्ट मेथड. पहिल्या तासापासून मातृभाषा बंद. बर्लिट्झने १८७८ मध्ये अमेरिकेत प्रॉव्हिडन्सला शाळा काढली ती याच तत्त्वावर, आणि आजही त्यांचे वर्ग असेच चालतात. मी स्पॅनिश असंच शिकलो. बाई खिडकी उघडायच्या, 'मी खिडकी उघडते' असं स्पॅनिशमध्ये म्हणायच्या, मग आमच्यातल्या एकाला उठवून त्याच्याकडून तेच करून आणि म्हणून घ्यायच्या. भाषांतराची सवय लागली की माणूस आधी मनातल्या मनात मराठी वाक्य जुळवतो आणि तिथेच अडकतो. तुमच्या वर्गात नेमकं हेच होतंय.

जुना_विद्यार्थी
थेटभेट, खिडकी उघडून दाखवता येते. 'मला आधी कळलं असतं तर मी आलो असतो' हे कसं उघडून दाखवणार? मोठ्या माणसाला मराठीत दोन वाक्यांत समजतं, त्यासाठी अर्धा तास हातवारे करणं हा त्याच्या वेळेचा अपमान आहे. मी रशियन शब्दकोश आणि व्याकरणाच्या जोरावर शिकलो, आजही जाडजूड कादंबऱ्या वाचतो.

थेटभेट
वाचता. बोलता का? ताईंचा प्रश्न बोलण्याचा आहे.

जुना_विद्यार्थी
बोलत नाही, कारण मला वाचायचंच होतं. जुनी पद्धत लॅटिन-ग्रीक ग्रंथ वाचण्यासाठीच घडली आणि ते काम ती चोख करते. उद्देश कळल्याशिवाय कोणतीही पद्धत चांगली किंवा वाईट ठरवता येत नाही, एवढंच माझं म्हणणं.

कानसेन
तुम्ही दोघेही बोलायला लावायची घाई करताय. भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन गेली चाळीसहून अधिक वर्षं सांगतायत की विद्यार्थ्याला कळेल असं, त्याच्या पातळीच्या किंचित वरचं भरपूर ऐकू आणि वाचू द्या. त्यातून भाषा मुरते आणि बोलणं मागून येतं. जबरदस्तीने बोलतं केलं की धास्ती बसते आणि कानावर पडलेलंही आत जात नाही. ताई, तुमच्या तासाला विद्यार्थी ती भाषा किती वेळ ऐकतात?

शब्दवेडी
भाषा जर्मन, सगळे मोठे, बाकी नेहमीचंच. एक नाव सांगा ना कोणीतरी.

अनुस्वार
नेहमीचंच म्हणजे काय? पातळी कोणती? परीक्षा आहे का?

बोलकी_पाटी
मी बरीच वर्षं फ्रेंच शिकवते. कानसेन, 'बोलणं मागून येतं' याला आधार कमी आहे. कॅनडात सेंट लॅम्बर्टला १९६५ पासून इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांना शाळेत फ्रेंचमधूनच शिकवायला सुरुवात झाली. पुढे देशभर असे वर्ग निघाले. मुलांच्या कानावर वर्षानुवर्षं फ्रेंच पडत होतं, तरी बोलताना लिंग आणि क्रियापदांची रूपं चुकतच राहिली. त्यावरूनच भाषातज्ज्ञ मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडलं की नुसतं समजून घेणं पुरत नाही. बोलायची वेळ येते तेव्हाच आपल्याला काय येत नाही ते लक्षात येतं.

कानसेन
त्याच मुलांचं ऐकून समजणं फ्रेंच मातृभाषा असलेल्या मुलांच्या जवळपास पोचलं होतं, तेही लिहा. अर्धीच गोष्ट सांगू नका.

बोलकी_पाटी
मान्य. ऐकण्यासाठी तुमचा मार्ग उत्तम आहे. पण इथे गाडी बोलण्यावर अडली आहे.

गजर
अँकी हे फ्लॅशकार्डांचं ॲप वापरा! शब्द विसरायच्या बेतात असताना कार्ड पुन्हा समोर येतं. एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला होता, अँकीच्या मुळाशी तेच आहे. मी जपानीच्या जेएलपीटी परीक्षेची एन४ पातळी फक्त कार्डांवर पास झालो.

अनुस्वार
जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नसते. इथे त्याचा काय उपयोग?

गजर
शब्दच नसतील तर बोलणार कशाने? कांजी या जपानी चिन्हांसाठी कार्डांचा चांगला संच कोणाकडे असेल तर सांगा.

बालमित्र
मुलांना परकी भाषा लहानपणीच सुरू करावी. उच्चार लहान वयात जितके साफ बसतात तितके नंतर बसत नाहीत. माझी मुलगी गाणी ऐकून शिकते. टीपीआरही तिला फार आवडतं, 'उडी मार, वर्तुळ काढ' असं सांगायचं आणि तिने करायचं.

शब्दवेडी
मुलं नाहीत हो वर्गात. परीक्षा आहे, गोएथे संस्थेची बी१, म्हणजे मधल्या पातळीची. मागच्या बॅचमधले बहुतेक जण वाचन आणि लेखनात सुटले, बोलण्यात राहिले. वर्ग ऑनलाइन, संध्याकाळी. कामावरून दमून आलेली माणसं, अर्ध्यांचे कॅमेरे बंद.

अनुस्वार
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. बंद कॅमेऱ्यापुढे टीपीआर बाद. दुसरं, बी१ चे चारही भाग सुटे देता येतात आणि प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात. मागच्या बॅचला फक्त बोलण्याचा भाग पुन्हा देता येईल, त्यांना लगेच कळवा.

बोलकी_पाटी
आता चित्र स्पष्ट झालं. बी१ च्या तोंडी परीक्षेचा पहिला भाग म्हणजे जोडीदारासोबत काहीतरी ठरवणं. हा आयता टास्क आहे, तेव्हा एकच नाव हवं असेल तर टास्क-बेस्ड घ्या. पण वर्गात ते कसं चालवायचं यावर सगळं अवलंबून आहे.

दोघादोघांना ब्रेकआउट रूममध्ये, म्हणजे ऑनलाइन वर्गातल्या वेगळ्या छोट्या खोलीत पाठवा. एकाला आठवड्याची एक डायरी द्या, दुसऱ्याला दुसरी, दोन्हींत वेगवेगळ्या वेळा भरलेल्या. एकमेकांना न दाखवता दोघांनी भेटायची वेळ आणि जागा ठरवायची. माहिती अर्धी-अर्धी असली की बोलल्याशिवाय सुटकाच नसते. 'काल काय केलंत?' या प्रश्नात ती गरज नाही. उत्तर दिलं काय, न दिलं काय, कोणाचंच अडत नाही.

पाच मिनिटांनी सगळ्यांना परत बोलवा. कोणाचंही नाव न घेता दोनच चुका पडद्यावर मांडा. 'वीर गेहेन इन डेन पार्क' आणि 'वीर ट्रेफेन उन्स इम पार्क', म्हणजे पार्कात जाणं आणि पार्कात भेटणं, यातली गफलत इथे हमखास होते. आता तो विभक्तीचा नियम मराठीत समजावा, दोन मिनिटं पुरतात. तक्ता त्यांना पाठ आहेच, फक्त तो कुठे लागतो ते दिसत नव्हतं. मग जोडीदार बदलून तेच काम पुन्हा करायला लावा. दुसऱ्या फेरीतला फरक तुम्हाला कानांनी कळेल. तोंडी परीक्षेच्या दुसऱ्या भागातल्या सादरीकरणासाठी एकच विषय आधी चार मिनिटं, मग तीन, मग दोन, दर वेळी नव्या श्रोत्यापुढे.

फिरती_चाकं
आणि जोडीला घोटून घ्या! ऑडिओलिंग्वलला सगळे नावं ठेवतात, पण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने सैनिकांना परक्या भाषा शिकवल्या त्या सरावावरच भर देऊन. 'इश श्लागे फोर' (मी सुचवतो), 'वास हेल्ट्स्ट डू डाफोन' (तुला हे कसं वाटतं) असल्या दहाबारा वाक्यांची जिभेला सवय झाली की पहिला धक्का निघून जातो. दमलेल्या माणसाला वाक्य जुळवत बसायचं त्राण नसतं, तयार वाक्य पटकन तोंडात येतं.

बोलकी_पाटी
अनुमोदन, पण टास्कच्या आधी आणि पाचच मिनिटं. तासभर नुसती पोपटपंची झाली तर समोरच्याने अनपेक्षित उत्तर दिल्यावर पुन्हा शांतता.

थेटभेट
मराठीतून नियम समजावणं मला अजूनही पटत नाही. ती दोन मिनिटं हळूहळू वीस होतात.

जुना_विद्यार्थी
म्हणून बंदी घालायची? एन. एस. प्रभूंचा शाळांत इंग्रजी शिकवण्याचा बंगळूर प्रकल्प १९७९ ते १९८४ चालला. टास्क-बेस्ड शिकवणीचा पाया मानतात तो. तिथे व्याकरण मुद्दाम शिकवतच नव्हते, पण ती शाळकरी मुलं होती. ज्यांना व्याकरण आधीच येतं अशा मोठ्यांनी ते का वापरू नये?

शब्दवेडी
बोलकी_पाटी, डायरीचं करून बघते. विद्यार्थी विषम संख्येत आले तर? आणि मी एका खोलीत असताना बाकीच्या खोल्यांत मराठी सुरू होणार, त्याचं काय करू?

बोलकी_पाटी
तिसऱ्याला डायरी देऊ नका. काय ठरलं आणि कोणता पर्याय का नाकारला हे त्याने टिपून परत आल्यावर जर्मनमध्ये सांगायचं. तिघांतला हा सगळ्यात अवघड भाग आहे, म्हणून तो फिरता ठेवा. मराठी थोडी होणारच, पहिल्या आठवड्यात सोडून द्या. नंतर प्रत्येक खोलीने संभाषणाचं शेवटचं मिनिट फोनवर रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकायचं. त्या एका मिनिटासाठी आधीची चार मिनिटं आपसूक जर्मनमध्ये तालीम होते.