मे मध्ये जपान ट्रिप, आबांना सुमो बघायला न्यावं का?

पांढरा_रस्सा:
मंडळी एक सल्ला हवाय. पोरांच्या सुट्टीत जपानला चाललोय, मी, बायको, पोरगी १२ ची, पोरगा ७ चा आणि आई-आबा. आबा ६९ चे, तरुणपणी चार वर्षं कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत राहून जोर-बैठका काढलेला माणूस, कान अजून भज्यासारखे आहेत. मी कौतुकानं सगळा प्लॅन वाचून दाखवला, फुजी, क्योटो, बुलेट ट्रेन, त्यांनी निवांत ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच विचारलं, "ते जाडजूड पैलवान असतात ते कुठं लढतात?" आली का पंचाईत. बायको म्हणते एवढ्या लांब जाऊन कुस्त्याच बघायच्या तर आपलं खासबाग मैदान काय वाईट होतं, पोरं तासाभरात कंटाळणार. त्यात आबांचे गुडघे गेलेत, मांडी घालून बसणं बंद, आणि फोटोत तर सगळी पब्लिक खाली गादीवर दिसते. आईला अंडंसुद्धा चालत नाही. कुणी सहकुटुंब जाऊन आलंय का, खरं काय ते सांगा.

उद्यमनगरवाला:
आम्ही गेलतो, असंच मे मध्ये. पहिली गोष्ट, विमानाचं तिकीट काढायच्या आधी तारखा बघा. वर्षातनं सहाच मोठ्या स्पर्धा असतात, जानेवारी, मे आणि सप्टेंबरच्या टोकियोत, मार्चची ओसाका, जुलैची नागोया, नोव्हेंबरची फुकुओका, प्रत्येक पंधरा दिवसांची. मे ची दुसऱ्या रविवारी सुरू होते. आमच्या शेजाऱ्यांनी हे बघितलं नाही आणि बंद हॉलच्या दारात सेल्फी काढून आले.

गादीवाले चौकोन तुमच्या कामाचे नाहीत. लोखंडी पाइपनं आखलेली चार उशांची जागा, बूट काढून बसायचं, चौघांचं म्हणतात पण आपल्यासारखे चौघं बसले की पाय कुणाच्या मांडीवर ठेवायचा एवढाच प्रश्न उरतो. वरच्या मजल्यावर खुर्च्या आहेत त्या घ्या. लांब वाटतं पण बैठक उतरती आहे, खासबागेत कसं अगदी मागच्यालाही हौद दिसतो तसंच. एकदम पुढच्या सीटचा नाद सोडा, तिथं १६ वर्षांखालची पोरं घेत नाहीत, खायला बंदी, आणि दीडशे किलोचा गडी कधी अंगावर येईल सांगता येत नाही.

दिवसभर बसायची गरज नाही हो. सकाळी साडेआठच्या आसपास नवख्या पोरांच्या लढती सुरू होतात, तेव्हा हॉलमध्ये चिटपाखरू नसतं. आम्ही दोनला पोचलो, र्योगोकू स्टेशनातनं बाहेर पडलं की हॉल समोरच, पैलवानांच्या नावाचे रंगीत उंच झेंडे लागलेले असतात. त्याच वेळेला मोठे पैलवान आत येत असतात. एक आमच्या अगदी शेजारनं गेला, आणि केसाला लावलेल्या तेलाचा असा गोड वास मागं राहिला की पोरगी म्हणाली पप्पा ह्यांना आइस्क्रीमचा वास येतोय. पावणेचारच्या सुमाराला वरच्या गटाचे सगळे भरजरी एप्रन लावून रिंगणात येतात, ते चुकवू नका, सहाला खेळ खल्लास.

आत खायला याकितोरी फेमस आहे, काडीला लावलेली भाजकी कोंबडी, त्या हॉलच्या तळघरातच भाजतात. कोंबडीच का, तर ती दोन पायांवर उभी असते, चार पायांचं जनावर म्हणजे हात जमिनीला टेकले, म्हणजे हरलो! आईंचं मात्र अवघड, तिकडं साध्या सूपमध्येसुद्धा माशाचं पाणी असतं, त्यांना जेवूनच न्या.

कट्टा_मेंबर:
राग मानू नका पण मी नको म्हणेन. मीठ फेकणार, खाली बसणार, डोळ्यात डोळे घालून बघणार, परत उठणार, परत मीठ, आणि कुस्ती पाच सेकंदात संपली. माझा पोरगा अर्ध्यातनं मोबाईलवर. संध्याकाळी एनएचके ह्या जपानी चॅनलवर लाईव्ह लागतं, हॉटेलच्या खोलीत पाय पसरून बघा की.

लाल_माती:
कट्टा_मेंबर भावा, ती मधली चार मिनिटंच तर बघायची असतात. वरच्या गटाला चार मिनिटांची मुदत असते, तेवढ्यात कोण ढिला पडतोय ते ओळखायचं. आपल्याकडं सलामी झाल्यावर दोघं हात लावत-सोडत फिरतात तेव्हा आपण कंटाळतो का.

आबांना दोन गोष्टी आधी सांगून ठेवा नाहीतर भांडण होईल. तिथं पाठ लागायची वाट बघत नाहीत. तळपाय सोडून अंगाचं काहीही मातीला लागलं की हरला, आणि पायाचं बोट जरी कड्याबाहेर टेकलं तरी हरला. कडं साडेचार मीटरचं, पेंढ्याच्या गाठोड्यांनी केलेलं. दुसरं, वजनाचे गट नाहीत, सव्वाशेचा गडी पावणेदोनशेच्या अंगावर जातो, आणि मजा तिथंच आहे. डाव ८२ म्हणून लिहून ठेवलेत पण निम्म्या लढती ढकलून किंवा लंगोटाला धरून बाहेर काढण्यातच संपतात. आपल्या एकलंगी, ढाकेला जवळचं असं काही दिसलं की आबा उठून उभे राहणार बघा.

आणि माती. प्रत्येक स्पर्धेला रिंगण नव्यानं बांधतात, मध्यभागी खड्डा करून मीठ, तांदूळ, वाळवलेलं स्क्विड, समुद्री शेवाळ असलं पुरतात आणि पूजा करतात. हौदात हळद, ताक, लिंबू, तेल घालून माती मळणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. बक्षिसाचंसुद्धा आपल्यासारखंच, कुस्तीआधी कंपन्यांचे फलक रिंगणाभोवती फिरवतात, जिंकणाऱ्याला जाडजूड पाकिटं. फक्त कर्ण्यावर "अमुक पाटलांकडून पाचशे एक" एवढं ओरडत नाहीत.

रंकाळा_संध्याकाळ:
पोरीला नेताय म्हणून सांगते, बायकांना त्या रिंगणात पाय ठेवायला बंदी आहे, बघायला नाही. २०१८ ला एका गावच्या कार्यक्रमात महापौर भाषण करता करता रिंगणातच कोसळले, बायका मदतीला धावल्या, त्यातल्या काही प्रशिक्षित, आणि माईकवरनं सांगितलं बायकांनी खाली उतरा. नंतर संघटनेच्या प्रमुखांनी माफी मागितली. पोरगी १२ ची आहे, ती विचारणारच, तुमच्याकडं उत्तर तयार असू दे. आपल्याकडं तरी हौदात पोरी कालपरवाच उतरायला लागल्यात म्हणा.

बाकी मला तर आवडलं. पोरगा रेफ्रीवरच खूश, रंगीत पोशाख, हातात पंखा. सगळ्यात वरच्या रेफ्रीच्या कमरेला खरा खंजीर असतो, निर्णय चुकला तर पोट फाडून घेईन अशी जुनी तयारी. घेत नाही कुणी, काळे किमोनो घातलेले पाच पंच भोवती बसलेले असतात, शंका आली की वर चढून चर्चा करतात आणि निर्णय फिरवतात. १९६९ पासून व्हिडिओ पण बघतात. पोराला एवढंच सांगा की सगळ्यात वरच्या मानाचा पैलवान, योकोझुना, हरला की लोक बसायच्या उशा रिंगणात फेकतात. फेकू नका म्हणून सूचना असते तरी फेकतात.

पांढरा_रस्सा:
सगळ्यांना धन्यवाद. काल रात्री जेवताना आबांना नियम सांगितला की हात टेकला की हरला. भाकरी हातात तशीच. "हात टेकला? मग पाठ कधी लागणार?" लागत नाही म्हटल्यावर "मग ती काय कुस्ती" म्हणून गप्प झाले. मला वाटलं विषय संपला. सकाळी सहाला दारात उभे, "त्यो मंगोलियाचा कोण ४५ स्पर्धा जिंकला त्याचा व्हिडिओ हाय का?" हाकुहो, म्हटलं. दीड तास माझा मोबाईल त्यांच्याकडं होता. परदेशातनं येऊन तालमीत राहून भांडी घासत मोठा झालेला गडी म्हटल्यावर हरकत उरलीच नाही, आपल्याकडं उत्तरेतनं आलेले पैलवान त्यांनी पाहिलेत की.

तर चार खुर्च्या काढतोय, आबा, मी आणि दोन्ही पोरं. आई आणि बायको त्या दिवशी आसाकुसाच्या देवळात जाणार, तिथनं जवळच आहे म्हणे. तिकिटं कधी सुटतात तेवढं सांगा.

उद्यमनगरवाला:
साधारण महिनाभर आधी, ऑफिशियल साइटवर. हल्ली पटापट संपतात, सुटायची वेळ जपानची असते, आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं, म्हणजे तिकडं सकाळी दहा तर इकडं साडेसहा. आबांना सांगा, ते उठवतील तुम्हाला.