रुंद मनगटाला सोन्याचं ड्रेस वॉच: ३९ मिमी पुरेल का?

काटेकोर:
थोरल्या दादाच्या पन्नाशीला आम्ही भावंडं मिळून सोन्याचं घड्याळ घेतोय. दादाचं मनगट पावणेआठ इंच, रुंद आणि वरून सपाट. घरात सगळ्यांचा एकच घोषा, "एवढ्या हाताला ४२ मिमी तरी हवंच." मला हे अजिबात पटत नाही. ड्रेस वॉच म्हणजे समारंभात घालायचं साधं, पातळ घड्याळ; ते शर्टाच्या कफाखाली अलगद सरकलं पाहिजे. माझी पसंती पाटेक फिलिपच्या कॅलाट्राव्हा ६११९ला, रोझ गोल्डमध्ये. व्यास ३९ मिमी, जाडी ८ मिमीच्या जरा वर. तुम्ही काय घ्याल?

रांगडा_गडी:
३९ नको! माझं मनगट आठ इंची आहे, लहान घड्याळ त्यावर चिकटवलेल्या नाण्यासारखं दिसतं. सरळ रोलेक्स डे-डेट ४० घ्या. २०१५ला आलेलं मॉडेल, सोनं आणि प्लॅटिनम सोडून दुसऱ्या धातूत बनतच नाही. मुख्य म्हणजे धातूचा पट्टा, कड्या घालता-काढता येतात. चामड्याचा नेहमीच्या लांबीचा पट्टा आमच्यासारख्यांना शेवटच्या भोकात बसतो आणि टोक जेमतेम लूपमध्ये शिरतं. लाखो रुपये मोजून असं दिसायचं?

काटेकोर:
पट्ट्याचं अगदी बरोबर. म्हणून लांब पट्टा आधीच मागवायचा, तो मिळतो. पण डे-डेट साधारण १२ मिमी जाड आहे, कफ त्यावर अडतो. शिवाय बाराखाली वार, तीनला तारीख. उत्तम घड्याळ, पण ड्रेस वॉच म्हणून मी ते धरणार नाही.

जुनं_ते_सोनं:
दोघंही नुसत्या व्यासावर भांडताय. १९३२ची पहिली कॅलाट्राव्हा जेमतेम ३१ मिमीची होती आणि धिप्पाड माणसंही तीच घालायची. पाहायचं ते एका लगच्या (पट्टा जोडायच्या शिंगाच्या) टोकापासून समोरच्या लगच्या टोकापर्यंतचं अंतर आणि डायलचा मोकळेपणा. ६११९च्या बेझलवर, म्हणजे काचेभोवतीच्या कडेवर, क्लू द पारीची (बारीक पिरॅमिडांची) नक्षी आहे, ती रुंद कड डायलची जागा खाते. त्यामुळे ३९ असूनही घड्याळ लहान भासतं. व्हॅशरॉन कॉन्स्टँटिनची ४० मिमीची पॅट्रिमनी बघा. बारीक कड, जवळजवळ रिकामा डायल, जाडी ७ मिमीच्या आत. रुंद मनगट कसं भरून दिसतं!

काटेकोर:
पॅट्रिमनी देखणी आहे, वाद नाही. पण तिचं १४०० कॅलिबर, म्हणजे आतलं मशीन, जेमतेम २१ मिमीचं. सेकंद काटाच नाही म्हणून ते वरून कळत नाही. कॅलाट्राव्हाच्याच जुन्या ५१९६मध्ये कळायचं: ३७ मिमीची केस (बाहेरचं कवच), आत लहान मशीन, म्हणून सेकंदाची छोटी तबकडी मध्याकडे ओढलेली. ६११९साठी पाटेकने नवं ३१ मिमीचं मशीन केलं आणि ती तबकडी खाली, आपल्या जागी गेली. मोठ्या हातासाठी घड्याळ मोठं करायचं तर असं, आतून. नुसती केस फुगवून नाही.

जुनं_ते_सोनं:
मशीनचा मुद्दा चोख. पण पाच फुटांवरून दादांच्या हाताकडे बघणाऱ्याला डायलच दिसणार. दोन्ही एकापाठोपाठ हातावर चढवा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. आणि आरशात बघा. मान खाली घालून पाहिलं की घड्याळ आहे त्याहून मोठं वाटतं.

रांगडा_गडी:
दादा राहतात कुठे? मुंबईत असतील तर मे महिन्यातल्या घामात मगरीच्या कातड्याचा पट्टा किती टिकणार? माझं मत अजूनही डे-डेटलाच.

काटेकोर:
दादा ठाण्यात. पण घालणार लग्नकार्यात आणि दिवाळीत, तेही बहुतेक एसी हॉलमध्ये. पट्टा झिजला तर बदलता येतो हो, १२ मिमीची जाडी नाही ना कमी करता येत. शनिवारी दादाला घेऊनच दुकानात जातोय, पॅट्रिमनीही हातावर घालून बघू.